कोईचं तळं आणि निचऱ्याचा इतिहास

रास अल खैमात कुणी अंगणात कोई माशांचं तळं बांधायला घेतलं की पहिला प्रश्न फिल्टरचा असतो. कुठल्या कंपनीचा, किती लिटरचा, अतिनील दिवा हवा की नको. दुसरा प्रश्न पाणी भरण्याचा. त्याचं उत्तर प्लंबर देतो: बॉल कॉक बसवा, पातळी खाली गेली की नळ आपोआप सुरू होईल. पाणी बाहेर कुठून जाणार, हा तिसरा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. माझा अभ्यास जुन्या पाणीपुरवठ्याचा, म्हणून ओळखीचे लोक मला फिल्टरबद्दल विचारतात, आणि मी त्यांना तिसऱ्या प्रश्नाकडे नेतो. त्यांची थोडी निराशा होते. पण या तिसऱ्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा आपल्याच मुलखातला आहे.

आधी थोडं गणित. पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि सव्वा मीटरला थोडं कमी खोल असं तळं धरा. त्यात साधारण १८,००० लिटर पाणी मावतं. इथल्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला दहा मिलिमीटरच्या आसपास उतरते, म्हणजे रोज दीडशे लिटर पाणी हवेत जातं. बॉल कॉक ते इमानेइतबारे भरून काढतो. एकशेवीस दिवसांत असं १८,००० लिटर पाणी, म्हणजे एक अख्खं तळं, उडून गेलेलं असतं आणि तितकंच नवं आलेलं असतं. उडालं ते निव्वळ पाणी. त्यातले क्षार कुठेही गेले नाहीत. चार महिन्यांत तळ्यातला क्षार दुप्पट झाला, आठ महिन्यांत तिप्पट होईल. पातळी मात्र रोज तीच दिसते.

नळाला येणारं समुद्राचं निक्षारित पाणी वापरलं तर हे गणित बराच काळ निरुपद्रवी राहतं, कारण मुळात क्षारच कमी असतात. बागेतल्या विहिरीचं मचूळ पाणी स्वस्त म्हणून सोडलं तर गोष्ट बदलते. समजा त्यात लिटरमागे तीन ग्रॅम क्षार आहेत. चार महिन्यांनी सहा, आठ महिन्यांनी नऊ. कार्प जातीचा मासा थोडा खारेपणा सोसतो, पण इथे तो सोसण्याच्या हद्दीशी येतो. फिल्टर या सगळ्या काळात उत्तम चालू असतो. विरघळलेलं मीठ त्याच्यातून सुखेनैव आरपार जातं.

पुण्यात किंवा न्यू जर्सीत हा त्रास एवढा जाणवत नाही, कारण तिथे पाऊस तळं भरतो, ओसंडवतो आणि जाताना धुऊनही नेतो. इथे वर्षाचा पाऊस शंभर-सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास. तळं धुण्याचं काम माणसालाच करावं लागतं.

कोई मुळात कुठल्या पाण्यातला आहे ते पाहण्यासारखं आहे. जपानच्या निगाता प्रांतातल्या डोंगराळ भागात, आजच्या ओजिया आणि यामाकोशीच्या परिसरात, भाताच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांवर पाणी साठवायला छोटी तळी असत. हिवाळ्यात गाव बर्फाखाली जाई, तेव्हा खाण्यासाठी म्हणून लोक त्या तळ्यांत कार्प पाळत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांतल्या काही माशांवर तांबडे-पांढरे डाग दिसले, आणि शेतकऱ्यांनी ते मासे खाण्याऐवजी वेगळे ठेवून त्यांची पैदास केली. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि मग जगाला कळले. या तळ्याचं पाणी वरून, वितळत्या बर्फातून आणि झऱ्यांतून येत होतं आणि खाली भाताच्या खाचरांत जात होतं. माशांची घाण भाताचं खत होत होती. तिथे फिल्टर नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. आज आपण दुकानातून मासा आणतो, पण त्याच्यामागचा डोंगर आणि पुढचं खाचर आणत नाही. त्या दोन्हींची जागा भरून काढायला पंप आणि डबाभर प्लास्टिकची चाकं येतात.

आता पाणचक्की. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, शाळेच्या सहलीत गेलेल्या प्रत्येकाने ती पाहिलेली असते आणि बहुतेकांच्या लक्षात तिथले मासे राहिलेले असतात. सुमारे पन्नास मीटर लांब आणि नऊ-दहा मीटर रुंद असा हौद, त्यात कारंजी, काठाला प्रचंड वड, आणि पाण्यात गर्दीने फिरणारे मासे. बाबा शाह मुसाफिर हे नक्शबंदी सूफी मध्य आशियातून, बुखाऱ्याच्या बाजूने, इथे आले. त्यांच्या तकियाभोवती पुढे मशीद, मदरसा, चक्की आणि हौद उभे राहिले. अठराव्या शतकात निजामाच्या सरदारांनी त्यात भर घातली. या मठाची हकिकत फारसीत लिहिलेली आहे आणि सायमन डिग्बी यांनी २००१ साली तिचं इंग्रजी भाषांतर केलं. सूफी, सैनिक आणि इमारती यांची इतकी जिवंत सरमिसळ दुसऱ्या पुस्तकात क्वचित सापडते.

हौदाला पाणी येतं ते कित्येक किलोमीटरवरच्या उगमावरून, जमिनीखालच्या मातीच्या नळांतून. वाटेत उतार आणि चढ आहेत. शेवटी ते एका उंच भिंतीत दाबाने वर चढवलं जातं आणि तिथून खाली पडतं. त्या पडण्यावर चक्की फिरत असे आणि यात्रेकरू व विद्यार्थी यांच्यासाठी दळण निघत असे. आजच्या भाषेत सांगायचं तर त्याच पडण्याने हौदाच्या पाण्यात हवा मिसळत होती. मासे जगवायला तळ्यात जे दोन पंप लागतात, एक पाणी फिरवायला आणि एक हवा द्यायला, त्या दोघांचं काम इथे सहा-सात मीटरच्या धबधब्याने होत होतं आणि वर पीठही मिळत होतं.

पण मला पाणचक्कीत सर्वांत देखणी वाटते ती बाहेर जाण्याची वाट. हौदाच्या तळाखाली एक मोठं दालन आहे. वर पाणी असल्याने ते भर उन्हाळ्यातही गार असतं, आणि यात्रेकरूंची उतरण्याची सोय तिथे होती. हौदातलं जादा पाणी त्याच्यावरून पुढे खाम नदीत पडतं. म्हणजे आलेलं पाणी दळतं, हवा घेतं, मासे पोसतं, खोली गार करतं आणि नदीला मिळतं. हौद कायम भरलेला आणि कायम रिकामा होत असलेला. तिथे क्षार साठायला जागाच नाही. अलीकडे मात्र नहरींवर बांधकामं आली, नळ फुटले, आणि उन्हाळ्यात पाणचक्कीची धार रोडावल्याच्या बातम्या येतात. धार थांबलेल्या हौदात नवं पाणी टँकरने ओतता येतं, पण मग ते तळं माझ्या शेजाऱ्यांच्या तळ्यासारखंच होतं.

या शहराच्या नहरींची सुरुवात मलिक अंबरने केली. हबशी गुलाम म्हणून बगदादमार्गे दख्खनेत आलेला हा माणूस निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली आणि १६१७ च्या सुमारास तिला पाणी देणारी नहर-ए-अंबरी बांधली. जमिनीखाली बोगदा खणून उताराने पाणी आणायचं, आणि ठरावीक अंतरावर वरून विहिरीसारखी भोकं ठेवायची, म्हणजे गाळ काढता येतो आणि हवा खेळते. हे तंत्र तेव्हा दख्खनेत नवं नव्हतं. बिदरजवळ नौबादला बहामनी काळातली सुरंग आहे, आणि बुऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानान याच्या कारकिर्दीत कुंडी भंडारा झाला. हे सगळे इराणी कनातीचे नातेवाईक. त्याच घराण्यातली थोरली मंडळी इथे, आखातात आहेत, आणि त्यांना फलज म्हणतात. इथून दक्षिणेला अल ऐनजवळ हिली इथे सापडलेले फलज सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. २०११ साली अल ऐनची ही स्थळं जागतिक वारसा यादीत गेली, ओमानचे पाच फलज त्याआधी २००६ मध्ये.

पुण्यातला नमुना वेगळा, कारण तिथे उगम झऱ्याचा नव्हता, पावसाच्या तळ्याचा होता, आणि त्याच्या पाण्याला गाळ फार. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास कात्रजला बांधकाम सुरू केलं ते दोन तळ्यांचं. वरच्या तळ्यात गाळ खाली बसायचा, निवळलेलं पाणी खालच्यात यायचं, आणि तिथून दगडी पाटाने, वाटेतल्या टाक्यांत पुन्हा थांबत, शहराच्या हौदांकडे आणि शनिवारवाड्याकडे जायचं. पाटातली हवा बाहेर पडावी म्हणून उभारलेले उच्छ्वास अजून काही ठिकाणी उभे आहेत. लहानग्या सवाई माधवरावांसाठी वाड्यात केलेलं सोळा पाकळ्यांचं हजारी कारंजं याच पाण्याच्या नैसर्गिक दाबावर उडत होतं.

कात्रजचा धडा गाळण्याचा आहे. आज कोईच्या तळ्याला लावतात त्या फिल्टरचा पहिला कप्पा नेमकं हेच करतो: पाण्याला थोडा वेळ थांबवतो, म्हणजे जड ते खाली बसतं. मराठीत याला ‘निवळणं’ हा इतका नेमका शब्द आहे की त्याच्या नावाचं झाडच आहे. निवळीचं बी घागरीच्या आतून घासलं की गढूळ पाण्यातली माती एकमेकींना चिकटून तळाशी जाते. आजी तुरटीही फिरवायची, तिचं काम तेच.

निवळलेलं पाणी मात्र स्वच्छ असतंच असं नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, आणि अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. तळं आरशासारखं आणि मासे पृष्ठभागावर तोंड उघडून, हे दृश्य नवख्या माणसाला चक्रावून टाकतं. या अदृश्य घाणीचं काय होतं हे कळायला १८७७ साल उजाडावं लागलं. श्लोसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी वाळूने भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी सावकाश सोडलं. पहिले काही दिवस अमोनिया तसाच बाहेर आला. मग हळूहळू त्याचं नायट्रेट होऊ लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडल्यावर ते थांबलं. म्हणजे काम वाळूचं नव्हतं, वाळूवर वाढलेल्या जिवांचं होतं. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राडस्कीने ते जिवाणू वेगळे काढून दाखवले. फिल्टरचा दुसरा कप्पा, ती प्लास्टिकची चाकं किंवा जाळ्या, म्हणजे त्या नळीतली वाळूच आहे. नव्या तळ्यात पहिल्याच आठवड्यात दहा मासे सोडू नयेत याचं कारणही त्या पहिल्या काही दिवसांत आहे. जिवाणूंची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात.

यात रास अल खैमापुरत्या दोन अडचणी आहेत. पहिली उष्णतेची. पाणी वीस अंशांवरून तीस अंशांवर गेलं की त्याच अमोनियातला विषारी हिस्सा जवळजवळ दुप्पट होतो, आणि प्राणवायू धरून ठेवण्याची पाण्याची ताकद कमी होते. वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, पस्तीसला सातच्या खाली. दुसरी अडचण निक्षारित पाण्याची. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला जिवाणू सात ग्रॅमच्या वर चुन्याइतकी क्षारता खातात. विहिरीच्या पाण्यात ती भरपूर असते, निक्षारित पाण्यात बेताची. ती संपली की पाणी आम्ल होतं आणि जिवाणू काम सोडतात. म्हणून फिल्टरच्या डब्यात शिंपल्यांची जाळीदार पिशवी ठेवतात. रास अल खैमाच्या किनाऱ्यावर शिंपल्यांना तोटा नाही.

आणि अमोनियाचं नायट्रेट झालं, पुढे काय? ते तळ्यातच राहतं, क्षारांसारखं. म्हणजे फिल्टर विषाचं रूपांतर करतो, त्याला बाहेर नेत नाही. पुन्हा आपण तिसऱ्या प्रश्नाशी आलो.

या प्रश्नाचं उत्तर देऊन बसलेली जुनी माणसं रास अल खैमातच होती. शहराच्या आग्नेयेला डोंगराच्या पायथ्याशी खट्ट नावाचं गाव आहे, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, आणि त्यांचं पाणी पाटांनी खजुरांच्या बागांत जात असे. फलजच्या गावांत पाण्याचा क्रम ठरलेला. उगमाजवळ पिण्याचं, मग मशिदीचं आणि अंघोळीचं, मग खजुराचं. पाळ्या वेळेवर मोजायच्या, दिवसा सावलीवर, रात्री ताऱ्यांवर. आणि सर्वांत शेवटी हंगामी पिकांचा तुकडा, जो पाणी जास्त असेल त्या वर्षी वाढवायचा आणि कमी असेल त्या वर्षी सोडून द्यायचा. मला हा शेवटचा तुकडा फार शहाणपणाचा वाटतो. तो त्या व्यवस्थेचा ओसंडवा होता. पाण्यासोबत येणारे क्षार पुढे पुढे सरकत जायचे आणि कायमच्या खजुराखाली साठायचे नाहीत. फलजच्या वाहत्या पाण्यात छोटे मासेही असतात. हजर पर्वतातला गारा बॅरेमिई हा मासा कार्पच्याच कुळातला, म्हणजे कोईचा गरीब चुलतभाऊ. त्याची एक सख्खी बहीण आपल्याकडे कृष्णा-भीमेत आहे, गारा मुल्ल्या. हे नाव कर्नल साइक्सने दिलं. दख्खनच्या माशांवर १८३९ मध्ये लिहिताना या गृहस्थाने नवी नावं शोधायचा त्रास न घेता कोळ्यांची मराठी नावंच लॅटिनमध्ये बसवली. मुल्ल्या, खुद्री, कोलस अशी ती आजही शास्त्रीय ग्रंथांत आहेत.

मग पंप आला. १९५५ साली ब्रिटिशांनी रास अल खैमाच्या दिगदागा इथे शेतीचं प्रयोगकेंद्र काढलं. डिझेलचे पंप, भाजीपाला, चारा, दुभती जनावरं. तेव्हाच्या ट्रुशियल स्टेट्समध्ये हे नवलच होतं आणि त्याने खरोखर फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण फलजमधून जेवढं आपोआप बाहेर येई तेवढंच मिळत असे. पंपाला अशी मर्यादा नाही. जिरीच्या मैदानातलं भूजल दरवर्षीच्या पावसाने भरून निघेल त्याहून वेगाने उपसलं गेलं, पातळी खाली गेली आणि पाणी खारट होत गेलं. ते खारट पाणी शेतात घातलं, उन्हाने उडवलं, क्षार वर राहिले. तळ्याचं तेच गणित, फक्त तळं काही हजार एकरांचं. इथे जुन्या बागांतून हिंडताना मान सुकलेली खजुराची झाडं रांगेने उभी दिसतात.

हे वाचताना सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला काही नवं वाटणार नाही. ‘क्षारपड’ आणि ‘चोपण’ हे शब्द त्याच्या घरातले आहेत. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला, उसाला भरपूर पाणी मिळालं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बारामतीच्या बाजूच्या चांगल्या काळ्या जमिनी पाणथळ आणि खाऱ्या होऊ लागल्या. पाणी आणण्यावर सगळा खर्च झाला होता, निचऱ्यावर नाही. मुंबई सरकारने १९१६ साली सिंचनाच्या अभ्यासासाठी जो खास विभाग काढला, त्याचीच पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था झाली.

‘तळे राखी तो पाणी चाखी’ असं आपण म्हणतो, तेही बहुधा लाचखोरीच्या संदर्भात. राखण्याच्या कामाकडे त्यामुळे दुर्लक्ष होतं.

तर रास अल खैमातल्या अंगणात काय करावं? मी विचारणाऱ्यांना सांगतो ते असं. आधी सांडवा ठरवा, मग फिल्टर निवडा. तळ्याच्या ठरलेल्या पातळीला एक जाड नळी बाहेर काढा, नळाच्या नळीपेक्षा दुप्पट जाड, आणि ती खजुराच्या आळ्यात सोडा. खजूर हे क्षार सोसणारं झाड आहे, आणि नायट्रेट त्याला खत म्हणून चालतं. एप्रिल २०२४ च्या पावसात ज्यांच्या तळ्याला अशी वाट नव्हती त्यांचे मासे वाहनतळावर सापडू शकले असते. नळाचं पाणी पातळीवर सोडू नका, वेळेवर सोडा: रोज पहाटे, ठरावीक माप. दीडशे लिटर उडत असेल तर तीनशे घाला, म्हणजे निम्मं उडेल, निम्मं खजुराला जाईल, आणि क्षार नळाच्या पाण्याच्या दुपटीवर थांबतील, तिथून पुढे वाढणार नाहीत. सव्वादोनशे घातलं तर तिपटीवर थांबतील. पाण्याच्या बिलाकडे पाहून आपापला आकडा ठरवावा. नळाचं तोंड पाण्याच्या वर हातभर ठेवा, म्हणजे दाब गेला तरी तळ्याचं पाणी घरच्या नळात ओढलं जाणार नाही. क्लोरीनसाठी मध्ये कोळशाची नळकांडी बसवा. जिवाणूंना क्लोरीन माशांइतकाच घातक. आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी कधीही सोडू नका. इथला प्रत्येक संसारी माणूस जुलैत गिझर बंद ठेवून त्यातलं पाणी गार म्हणून अंघोळीला वापरतो, त्याला हे वेगळं सांगायला नको.

पातळीवर चालणाऱ्या बॉल कॉकबद्दल माझी आणखी एक तक्रार आहे. तो गळती लपवतो. तळ्याच्या रबरी अस्तराला भोक पडलं तरी पातळी हलत नाही, बिल वाढल्यावर कळतं. मापाने पाणी सोडलं आणि खजुराच्या आळ्यात त्या दिवशी धार पडली नाही, तर त्याच सकाळी समजतं.

आमच्या गल्लीतल्या एका मराठी घरी गेल्या मार्चमध्ये असं तळं झालं. यजमानांना पाणी ‘वाया’ घालवणं जड गेलं. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला ते जाणारच. मग त्यांच्या पत्नीने सांडव्याच्या नळीपुढे खजुराच्या आधी अळवाचा एक वाफा केला. अळूला खारेपणा आवडत नाही, त्यामुळे पानांच्या कडा करपल्या की त्या तळ्याचं माप वाढवतात. क्षार मोजायचं यंत्र त्यांनी घेतलेलंच नाही. ऑगस्टमध्ये वाफ्यावर जाळी बांधावी लागली, पण गणपतीत अळूवड्या त्याच पानांच्या होत्या.